तांब्याचा हंडा मोबाइलवर विकताना

प्रश्न: "नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दीड वर्षापूर्वी वेबसाइट केली. जाहिरातीवर महिन्याला १५,००० रुपये जातात, साधारण ४,००० लोक येतात, पण ऑर्डरी आठ-दहाच. बहुतेक जण पहिल्याच पानावरून परत फिरतात. साइट करणारे म्हणतात, पॉप-अप आणि काउंटडाउन लावू म्हणजे लोक थांबतील. बाबा म्हणतात, बंद करून टाक. लोक थांबतील आणि घेतील असं पान नेमकं कसं असतं?"

ताई, तुमची साइट मी परवा रात्री मोबाइलवर उघडून बघितली. काल दुपारी भांडी बाजारात दुसरं काम होतं, तेव्हा तुमच्या दुकानासमोर अर्धा तास उभा राहिलो. ओळख दिली नाही, माफ करा. तुमचे बाबा गल्ल्यावर होते आणि तेवढ्या वेळात चार गिऱ्हाइकं आली. लोकांनी काय काय विचारलं ते मी बिलाच्या पाठीमागे टिपून घेतलं.

"किती किलोचा हो हा?" "पाणी किती मावतं?" "आतून कल्हई आहे का?" "तांबंच आहे ना, वरचा मुलामा नाही ना?" "मोड घेता का?" "जोडाला गळला तर?" आणि शेवटी अर्थातच "बरोबर सांगा, किती द्यायचे?"

बाबा बोलले फार थोडं. हंडा उचलून तराजूवर ठेवला. पालथा करून बूड दाखवलं. बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकवला. आत हात घालून जोड दाखवला, मग भाव सांगितला. चारातल्या तिघांनी काही ना काही घेतलं.

आता तुमचं पान. वर नाव, त्याखाली आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो, त्यावर "परंपरा आणि शुद्धतेचा अनोखा संगम". त्याखाली "आमच्याविषयी", मग "आमचे ध्येय". पहिलं भांडं दिसायला मला चार वेळा अंगठा वर सरकवावा लागला. हंड्याच्या पानावर दोन ओळी होत्या: "उच्च प्रतीच्या तांब्यापासून बनवलेला आकर्षक हंडा. आपल्या घराची शोभा वाढवेल." वजन नाही, लिटर नाही, कल्हईचा उल्लेख नाही, बुडाचा फोटो नाही. दुकानात विचारलेल्या सातही प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर पानावर होतं, भावाचं. आणि तेही पूर्ण नव्हतं, त्यावर पुढे येतो.

लोक थांबत नाहीत याचं कारण मला तरी इथेच दिसतं. माणूस पानावर एक प्रश्न घेऊन येतो. त्याचं उत्तर दिसलं की दुसरा प्रश्न पडतो, तेही दिसलं की तिसरा. ही साखळी जिथे तुटते तिथे तो निघतो. त्याला धरून ठेवायला वेगळं काही लावावं लागत नाही, बाबा ज्या क्रमाने भांडं दाखवतात तो क्रम पानावर उतरवला तरी बरंच काम होतं. म्हणून पॉप-अपच्या आधी आठवडाभर दुकानात बसा आणि प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून काढा. तुमच्या पानाचा मजकूर त्या वहीत तयार होईल, वेगळा कॉपीरायटर नको.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००९ साली येवल्याच्या एका पैठणीवाल्यांची साइट मी केली होती. तेव्हा साइटवर हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचे दिवस होते. साइट उघडली की पदरावरचा मोर पिसारा फुलवायचा, सनई वाजायची आणि मग "प्रवेश करा" असं बटण यायचं. मी स्वतःवर भलता खूश. महिन्याभराने त्यांच्या पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा निरोप आला, "मोर दिसला, साडी काही दिसली नाही." आयफोनवर तर फ्लॅश चालतच नव्हतं, त्यामुळे त्या लोकांना मोरसुद्धा दिसत नव्हता. तुमचे सरकणारे फोटो हे त्याच मोराचं पिल्लू आहे. काढून टाका.

मग वर काय ठेवायचं? जाहिरातीवरून येणारा माणूस जे बघून आला तेच. जाहिरातीत हंडा असेल तर त्याने थेट हंड्याच्या पानावर उतरलं पाहिजे. तुमच्या जाहिराती आज सगळ्यांना मुखपृष्ठावर सोडतात. हंडा बघून आत आलेल्या माणसाला आजोबांच्या फोटोसमोर उभं करण्यासारखं आहे हे. आजोबांविषयी आदर आहे, पण ते पानाच्या खालच्या भागात बसू देत. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर, अंगठा न हलवता, एवढं दिसायला हवं: हंड्याचा एक चांगला फोटो, नाव, वजन, लिटर, पूर्ण किंमत, किती दिवसांत पोचेल, आणि घेण्याचं बटण. बस.

दिसण्याचं महत्त्व मी कमी लेखत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पान देखणं की गबाळं हे मत माणूस ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात बनवतो. त्याच वर्षी वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २३२ लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. लोक पान ओळीने वाचत नाहीत, वरच्या एक-दोन ओळी आडव्या बघतात आणि मग डाव्या कडेने खाली घसरतात, असं त्यात दिसलं. मराठीही डावीकडूनच वाचतो आपण, त्यामुळे साधा उपाय असा की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कामाचा शब्द आणा. "आमच्याकडील सर्व हंडे हे शुद्ध तांब्यापासून" असं न लिहिता "वजन २.८ किलो. पाणी १२ लिटर. आतून कल्हई." असं लिहा (आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही तराजूवरून घ्या).

फोटोंवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण भांड्यांच्या धंद्यात अर्धी विक्री तिथे आहे. तुमचे सगळे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकाच कोनातून, चकाचक. त्यात पळी, तांब्या आणि हंडा सारख्याच उंचीचे दिसतात. माणसाला आकार कळायला ओळखीची वस्तू शेजारी लागते. ताम्हणात एक सुपारी ठेवा, तांब्या हातात धरा, घंगाळाशेजारी घरातली बादली ठेवा, हंडा ओट्यावर गॅसच्या शेगडीजवळ. मग बाबा दाखवतात ते दाखवा: बूड, काठ, जोड, आतली कल्हई. मठारलेलं, म्हणजे हातोडीचे ठोके मारून घडवलेलं भांडं असेल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, ठोक्यांच्या सावल्या पडल्या पाहिजेत. समोरून फ्लॅश मारला की मठारकाम सपाट होऊन जातं आणि ज्या कामासाठी तुम्ही जादा मजुरी लावता तेच दिसत नाही. एक फोटो तराजूवरचा, आकडा वाचता येईल असा. आणि पाच सेकंदांचा एक व्हिडिओ, टिचकी आणि तिचा आवाज. मात्र तो बोट लावल्यावरच वाजू दे. रात्री अकराला पाळण्याशेजारी बसून साइट बघणाऱ्या आईच्या मोबाइलमधून अचानक ठणठणाट झाला तर ती परत येणार नाही.

एक फोटो असाही टाका जो टाकायला तुमचे साइटवाले विरोध करतील: सहा महिने वापरलेला, काळवंडलेला हंडा, आणि शेजारी तोच चिंच-मीठ लावून घासल्यावरचा. तांबं काळं पडणारच, हवेशी त्याचं वैर आहे. ज्याला हे माहीत नाही तो चकचकीत फोटो बघून घेतो आणि दोन महिन्यांनी "नकली माल" म्हणून एक तारा देऊन जातो. ज्याला माहीत आहे त्याला तुमचा हा फोटो बघून खात्री पटते की हे लोक खरं बोलतायत.

कल्हईचंही तसंच. पितळेच्या पातेल्याच्या पानावर स्पष्ट लिहा: कल्हई म्हणजे कथलाचा थर, चिंच, ताक, टोमॅटो असलं आंबट शिजवायचं तर तो हवाच, नाहीतर पदार्थ कळकतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, आधी तेल किंवा पाणी. लोखंडी उलथनं नको, लाकडी वापरा. ही चार वाक्यं वाचायला पुण्यामुंबईच्या मुली खरंच थांबतात, कारण आजीच्या भांड्यांचा सोस त्यांना आहे आणि विचारायला आजी जवळ नाही. मोठ्या बाजारपेठी साइटवर त्यांना पातेलं मिळेल, हे सांगणारं माणूस मिळणार नाही.

आता भाव. तुमच्या पानावर हंड्याची एक किंमत, कार्टमध्ये गेल्यावर तीत जीएसटी वाढतो, पत्ता भरल्यावर कुरिअरचे साडेचारशे वाढतात. मी तिथेच थांबलो, आणि मी तर फुकट बघायला आलो होतो. कार्ट भरून न घेता निघून जाणाऱ्यांचं प्रमाण जगभर साधारण ७० टक्के असतं, असं बेमार्ड ही संस्था अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगते. आणि जे खरंच घ्यायला आले होते त्यांच्या कारणांत शेवटी वाढलेला खर्च कायम पहिला असतो. भांडी बाजारात कुणी हंड्याचा भाव ठरवून, पिशवीत भरून, मग "पिशवीचे आणि उचलून दिल्याचे वेगळे" म्हटलं तर काय होईल?

तुमची अडचण मला कळते. पोकळ भांड्याला कुरिअर जड पडतं. बहुतेक कुरिअरवाले खोक्याचं आकारमान सेंटिमीटरमध्ये काढून त्याला ५,००० ने भागतात, आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त ते धरतात. घंगाळाचं खोकं ४५ बाय ४५ बाय २५ असेल तर ५०,६२५ भागिले ५,०००, म्हणजे १० किलोच्या वर. घंगाळ असतं साडेतीन-चार किलोचं. उरलेल्या सहा किलो हवेचं भाडं तुम्ही भरता.

ते भाडं जातच असेल तर त्या हवेत माल भरा. घंगाळाच्या पानावर सरळ लिहा: "याच्या आत तांब्या, ताम्हण, दोन गडू बसतात. सोबत घेतलेत तर कुरिअरचा जादा खर्च नाही." खरं वजन १० किलोच्या आत आहे तोवर तुमचा एक रुपया वाढत नाही. गिऱ्हाइकाचा फायदा खरा आहे, त्यामुळे ते वाचायलाही गोड लागतं. "हेही तुम्हाला आवडेल" अशी जी पट्टी तुमच्या साइटवर आहे, जी घंगाळाखाली समई आणि घंटा दाखवते, तिच्या जागी हे ठेवा. बाकी मालाचं कुरिअर किमतीतच धरा आणि "घरपोच, सगळं धरून" असा एकच आकडा सांगा. लहान वस्तूंना, पळी-पंचपात्रीला वगैरे, एवढा ताण घ्यायची गरज नाही.

तुमच्या धंद्यात भाव किलोवर आणि मजुरीवर चालतो, तो रोज हलतो, म्हणून पानावर कसा लिहायचा असं बाबा म्हणत असतील. नग निवडून, वजन करून, त्या नगाची किंमत आठवडाभर तीच ठेवा. शेजारी लिहा: "तांबं इतके ग्रॅम, मजुरी इतकी." दोन्ही आकडे उघडे केले की घासाघीस कमी होते, हा माझा सराफांच्या साइट करतानाचा अनुभव आहे. मोड मात्र ऑनलाइन घेऊ नका. "जुन्या भांड्यांची मोड फक्त दुकानात, समोर वजन करून" एवढी एक ओळ टाका. नाशिककरांना दुकानात आणायचं ते उत्तम निमित्त आहे.

पॉप-अप आणि काउंटडाउनबद्दल थेट विचारलंत, तर थेट सांगतो: नका करू. पान उघडल्या उघडल्या "ईमेल द्या, १० टक्के सूट मिळवा" म्हणणं म्हणजे उंबऱ्यात पाय ठेवताच गिऱ्हाइकाच्या हातात वही-पेन देणं. आणि "ऑफर १४ मिनिटांत संपेल" हे घड्याळ पान पुन्हा उघडलं की पुन्हा चौदावर येतं, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत झालंय. शिवाय ते बेकायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १३ प्रकार नाव घेऊन दिलेत. खोटी घाई त्यात आहे. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आहे. सुरुवातीला कमी भाव दाखवून पुढे थेंबाथेंबाने वाढवत नेणं हेही आहे, म्हणजे तुमचं जीएसटी-कुरिअरचं प्रकरण त्याच्या अगदी जवळ जातं. सूट नको असेल तर "नको, मला महागच घ्यायचंय" असं बटण दाबायला लावणंही आहे.

खरी घाई असेल तर जरूर सांगा. मठारलेल्या हंड्यांचा कारागीर महिन्याला ठरावीकच नग देतो, तर "या महिन्याचे ३ उरलेत, पुढचे १० तारखेला" हे खरं आहे, ते लिहा. दिवाळीआधी "धनत्रयोदशीला पोचायचं तर अमुक तारखेच्या आत" हेही लिहा. खोट्या घड्याळापेक्षा या ओळीवर जास्त लोक हलतात, कारण धनत्रयोदशी कुणासाठी पुढे ढकलत नाहीत.

आता वेग. तुमचं पान माझ्या फोनवर, गंगापूर रोडच्या चांगल्या नेटवर्कवर, धड दिसायला नऊ सेकंद लागले. गुगल ज्याला चांगलं म्हणतं ती मर्यादा पानावरचा मुख्य भाग दिसायला अडीच सेकंद अशी आहे, तीही चारातल्या तीन भेटींत. नील्सन यांचे जुने आकडे सांगायचे तर एका सेकंदापर्यंत माणसाची तंद्री टिकते आणि दहाला लक्षच उडतं. नऊचं कारण सापडायला मला दोन मिनिटं लागली. तुमचे फोटो फोनमधून जसे आले तसे चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. मोबाइलच्या पडद्याला १,२०० पिक्सेल रुंदी पुरते. तेवढा करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवला की माझ्या हातून तरी बहुतेक फोटो दीडशे-दोनशे केबीत बसतो. पहिल्या पडद्यावरचा फोटो लगेच येऊ दे, खालचे अंगठा खाली जाईल तसे. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहायला सांगा, नाहीतर फोटो उशिरा येतो, पान उडी मारतं आणि "घ्या" वर ठेवलेलं बोट "आमचे ध्येय" वर पडतं. माझं पडलं.

हे २०२७ च्या सिंहस्थाकडे बघूनही करून ठेवा. २०१५ च्या पर्वणीला रामकुंडाच्या आसपास फोन लागायची मारामार होती, साइट उघडणं लांबच. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं पाणी न्यायला तांब्याचा गडू शोधणारा भाविक भांडी बाजारापासून पाच मिनिटांवर उभा असेल आणि त्याच्या फोनवर तुमचं हलकं पान उघडलं, त्यात "रामकुंडावरून चालत कसं यायचं" आणि दुकानाच्या वेळा दिसल्या, तर त्याला कुरिअरही नको.

मराठी अक्षरांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं. तुमच्या साइटवाल्यांनी शीर्षकांच्या अक्षरांत अंतर टाकलंय, इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. तिरका टाइपही नको. आपल्या अक्षरांना वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींतली जागा इंग्रजीपेक्षा मोकळी हवी, अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट. मजकूर मोबाइलवर १७-१८ पिक्सेलच्या खाली नको, तुमच्या गिऱ्हाइकांत साठीच्या बायका भरपूर आहेत. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, चांगल्या फॉन्टमध्ये त्याने "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. फिकट सोनेरी अक्षरं पांढऱ्यावर ठेवलीत तीही काढा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषात मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं असं आहे, तुमचं त्याच्या जवळपासही नाही. उन्हात, रविवार कारंजावर उभं राहून वाचून बघा.

आणि ते बटण! "कार्टमध्ये जोडा". जोडा म्हणजे एक तर चपलांचा, नाहीतर नवरा-बायकोचा. माणसं "टाका" म्हणतात. त्याहून सरळ म्हणजे "हा हंडा घ्या". बटण अंगठ्याला सहज लागेल एवढं मोठं, पडद्याच्या तळाशी कायम चिकटलेलं, आणि पानावर त्या रंगाचं दुसरं काहीही नको.

माल कमी करा, फार पर्याय दिसले की लोक गोंधळतात, असंही तुम्हाला कुणी सांगेल. त्यामागे २००० सालचा अमेरिकेतला जॅमचा प्रसिद्ध प्रयोग आहे: २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतलं, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्रित हिशोब झाला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळपास निघाला. मी तरी माल कमी करायला सांगत नाही, लावायला सांगतो. तुमच्या साइटवर "तांबे", "पितळ", "इतर" असे तीन कप्पे आहेत. गिऱ्हाईक धातू शोधत येत नाही. पाण्यासाठी, स्वयंपाकाला, देवघरात, रुखवतात, आहेराला, असं मनात धरून येतं. एकच तांब्या तीन ठिकाणी दिसला तरी बिघडत नाही. दुकानात बाबांनीही लग्नसराईत समया पुढे आणलेल्या असतीलच.

पैसे घ्यायच्या पायरीवर तुम्ही क्यूआर कोड दाखवता. मोबाइलवर खरेदी करणाऱ्याने स्वतःच्या फोनच्या पडद्यावरचा कोड स्वतःच्या फोनने स्कॅन कसा करायचा? यूपीआयचं ॲप थेट उघडेल असं बटण द्या, कोड फक्त संगणकावर दाखवा. खातं उघडायची सक्ती नको. नाव, फोन, पत्ता, पिनकोड, एवढंच विचारा, आणि पिनकोड आधी घेतला तर गाव-जिल्हा आपोआप भरता येतो. घरी पोचल्यावर पैसे, ही सोय नव्या गिऱ्हाइकाला धीर देते, पण दार न उघडल्यामुळे दहा किलोचं खोकं परत आलं तर दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या माथी. मोठ्या भांड्यांना थोडे पैसे आधी, उरलेले दारात, असं ठेवा. आणि का ते तिथेच लिहा.

विश्वासासाठी "१०० टक्के शुद्ध" असले गोल शिक्के नकोत. दुकानाचा खरा फोटो, बाहेरून, बोर्ड वाचता येईल असा. पूर्ण पत्ता. बाबांचा फोटो हंडा हातात घेऊन, इथे. जोड गळला तर किती दिवसांत बदलून देणार, परत पाठवायचं भाडं कुणाचं, हे दोन वाक्यांत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. तुमच्याकडे ते पानच नाही. हे काम तुमच्याच नावाने करा, आणि खाली लपवू नका. व्हॉट्सॲपचा नंबर ठेवा, पण उत्तर कधी मिळेल ते लिहून: "सकाळी ११ ते रात्री ८, सोमवारी दुकान बंद" किंवा जे असेल ते.

मोजायचं कसं? तुमच्या साइटवाल्यांनी चौदा आलेख असलेला रिपोर्ट पाठवलाय. गंगेला पूर आला की आपण नाशिककर धरणातून किती क्युसेक सोडलं ते ऐकतो, पण विचारतो एकच, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं? तसा तुमचा मारुती म्हणजे भांड्याच्या पानावर आलेल्या शंभरातल्या किती जणांनी घ्यायचं बटण दाबलं, आणि त्यातल्या कितींनी पैसे भरले. दोनच आकडे, आठवड्यातून एकदा. पहिला कमी असेल तर फोटो-वजन-किंमत यांत गडबड आहे, दुसरा कमी असेल तर कुरिअर किंवा पैशाच्या पायरीत.

लाल बटण की हिरवं, असले दोन पानांचे तुलनात्मक प्रयोग आत्ता करू नका. शंभरात एक घेणारा असेल आणि तो १.२ झाला का हे खात्रीने कळायचं तर प्रत्येक पानाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं लागतात. तुमच्याकडे महिन्याला चार हजार येतात. त्याऐवजी दुकानात येणाऱ्या पाच जणांना चहा द्या, तुमचा फोन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "यावरून आईसाठी पाण्याचा हंडा घेऊन दाखवा." मग गप्प बसा. हेच अवघड असतं, जीभ शिवशिवते, "अहो ते वर बघा ना" म्हणावंसं वाटतं. म्हणायचं नाही. तो जिथे अडखळतो ती जागा वहीत टिपायची. पाच जणांत मोठ्या चुका बहुतेक सापडतात. मग दुरुस्त करून आणखी पाच. त्यातले एक तुमचे बाबा असू द्या, त्यांनी स्वतःची साइट अजून मोबाइलवर उघडलेली नसावी असा माझा अंदाज आहे.

जाहिराती तोवर थांबवा. पूर्ण दुकान एकदम बदलायला जाऊ नका, हंडा, घंगाळ आणि कल्हईचं पातेलं ही तीनच पानं नव्याने करा, मग त्या तीन पानांवरच जाहिरात सोडा. महिन्याभरात त्या तिघांचे दोन्ही आकडे हलले नाहीत तर मला परत लिहा, सोबत ती वही पाठवा.

एक राहिलं. पातेलं घेतलेल्याला वर्षभराने एक मेसेज जाऊ द्या: कल्हई उडाली असेल, आत तांबूस-पिवळं दिसायला लागलं असेल, तर पातेलं दुकानात आणा, एवढे रुपये, दोन दिवस. बाहेरगावच्यांना त्यांच्या गावात कल्हईवाला कसा शोधायचा आणि काम नीट झालं हे कसं ओळखायचं, ते सांगणारं एक पान करून त्याचा दुवा द्या. ते पान लिहायला बाबांना बसवा. तुम्ही फक्त टाइप करा.